दमलेल्या आईबाबांसाठी करुणा ध्यान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर वाटेल कुणी मोठ्या ताई आल्यात शिकवायला. मी भांडुपला राहते, लेक नऊ वर्षांचा आहे. मान उशिरा धरली, बसला उशिरा, आणि सगळे म्हणत राहिले की अगं मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बाबा पण उशिरा बोलला होता. अडीच वर्षांचा असताना कागदावर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले', म्हणजे सगळीच वाढ वयाच्या मागे, असं आलं आणि पाचव्या वर्षी त्यात ऑटिझमची भर पडली. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट पण नाही. आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आमच्यासारखे सातआठ पालक जमतात, त्यात गेली तीनेक वर्षं आम्ही हे ध्यान थोडं थोडं करतोय. नवीन कुणी आलं की तेच ते प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

करुणा ध्यान म्हणजे नक्की काय करायचं असतं?

शांत बसून कुणाचं तरी भलं व्हावं असं मनात मुद्दाम आणायचं, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे सुरुवातीला तुम्ही स्वतः. बास, एवढंच. विचार बंद करायचे नाहीत, मन कोरं करायचं नाही. उलट जो त्रास होतोय तो होतोय असं मान्य करायचं आणि त्या त्रासाशी जरा मायेनं बोलायचं. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा अशा चार भावना आपल्याकडे जुन्या काळापासून सांगितल्यात, बौद्ध परंपरेत त्यांना ब्रह्मविहार म्हणतात आणि पतंजलींच्या योगसूत्रातही पहिल्याच पादात हेच चार शब्द येतात, मन प्रसन्न राहायला म्हणून. त्यातल्या 'उपेक्षा'चा अर्थ दुर्लक्ष नाही हां, त्यावर खाली येते, तो माझा सगळ्यात लाडका भाग आहे.

करुणा म्हणजे कीवच ना? आमच्या मुलाची कीव नकोय कुणाची.

बरोबर आहे, मला पण नकोय. लिफ्टमध्ये कुणीतरी 'बिच्चारा' म्हणतं तेव्हा माझं डोकं फिरतं. पण कीव वरून खाली बघते. करुणा शेजारी येऊन बसते. आपल्याकडे याला खरं तर साधा शब्द आहे, माया. आजारी माणसाच्या उशाशी बसून नुसतं डोक्यावरून हात फिरवणारी बाई कीव करत नसते, तिला काही दुरुस्त पण करायचं नसतं, ती फक्त असते तिथे. ते असणं स्वतःसाठी शिकायचं आहे, कारण मुलासाठी तर आपण तसे असतोच, निदान दिवसातून काही वेळ तरी.

पण मी आधीच इतकं फील करते, अजून करुणा आणली तर मी फुटेन.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मी स्वतः हाच घेऊन बसले होते वर्षभर. जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटमध्ये टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी यावर काम केलंय. त्यांनी लोकांना दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या. एक, समोरच्याचं दुःख जसंच्या तसं आपल्यात घेणं. दुसरी, करुणा, म्हणजे त्या दुःखाकडे बघून त्याचं बरं व्हावं अशी ऊब मनात आणणं. पहिलीनं लोकांना जास्तच वाईट वाटायला लागलं. दुसरीनं उलटं झालं, दुःख तेवढंच दिसत होतं पण मन बरं राहिलं, आणि मेंदूत सुद्धा वेगळे भाग कामाला लागलेले दिसले.

म्हणजे आपण जे दिवसभर करतो ना, लेक रडला की आपल्या पोटात पण खड्डा, तो चिडला की आपलं पण डोकं गरम, थेरपिस्टनं भुवई उचलली की आपली रात्रीची झोप गेली, ती करुणा नाहीच. ती पहिली गोष्ट आहे. आपण दुःख साठवत बसतो आणि त्यालाच आईपण समजतो, आणि आजूबाजूचे पण 'काय सोसते बिचारी' म्हणून त्याला पदक देतात. मला हे कळलं तेव्हा आधी रागच आला, की मग इतकी वर्षं मी काय केलं? पण नंतर हलकं वाटलं, खोटं का बोलू.

वेळ कुठाय? सकाळी डबा, शाळा, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी, घरी येऊन परत थेरपीचा होम प्रोग्राम…

वेळ नाहीच आहे, मान्य. अर्धा तास डोळे मिटून बसा असं सांगणाऱ्याच्या घरी एक दिवस आमची मुलं सोडायला हवीत. आमच्या ग्रुपमध्ये कुणीच अर्धा तास करत नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं, पण फुकट जाणाऱ्या वेळेत. थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर पंचेचाळीस मिनिटं आपण काय करतो? मोबाईल, नाहीतर शेजारच्या आईचं मूल आपल्यापेक्षा किती पुढे गेलं याची मोजदाद. त्यातली पाच मिनिटं घ्या. एक ताई लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात मुलाला खिडकीशी बसवलं की मुलुंड ते घाटकोपर एवढं करते, घाटकोपरला गर्दी घुसली की बंद. एक जण कुकरच्या शिट्ट्यांवर करते, तीन शिट्ट्या होईपर्यंत. मी करते बाथरूममध्ये, कारण आमच्या घरात कडी लागणारं दार तेवढं एकच आहे आणि ते पण कधीकधी बाहेरून वाजत असतं.

बरं, सुरुवात कशी करू? स्टेप बाय स्टेप सांगा.

बसा, उभ्या राहा, आडव्या व्हा, काहीही चालेल. पाय जमिनीला टेकलेले असतील तर बरं. श्वास घ्या नेहमीसारखा, सोडताना मात्र जरा लांबवा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. चारपाच वेळा. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके थोडे उतरतात, हे शरीराचंच आहे, त्यात श्रद्धेचा काही भाग नाही.

मग एक हात छातीवर किंवा पोटावर ठेवा. ट्रेनमध्ये लाज वाटली तर एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरा, कुणाला कळत पण नाही. आता आज सगळ्यात जड काय गेलं ते एक आठवा. सगळं आयुष्य नको, एकच गोष्ट, आणि सगळ्यात मोठी तर नकोच. उदाहरणार्थ, शाळेतून आलेला मेसेज. आणि मनात म्हणा, 'हे जड गेलं.' मग म्हणा, 'असं जड जाणारी मी एकटी नाही, आत्ता या मुंबईत कुठल्या तरी बाकावर कुणीतरी अशीच बसलीय.' आणि मग स्वतःला ते वाक्य म्हणा जे तुमची आवडती मावशी किंवा आत्या म्हणाली असती.

हे तीन तुकडे अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ यांच्या मांडणीतले आहेत, त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक आणि स्वतः ऑटिस्टिक मुलाची आई. जे होतंय ते बघणं, आपण एकटे नाही हे आठवणं, आणि स्वतःशी चांगलं वागणं. मावशी मात्र आमची.

त्यानंतर मुलाला डोळ्यांसमोर आणा, झोपलेलं असेल तेव्हाचं रूप आणा, सोपं जातं. 'तुला बरं वाटू दे. तुला भीती न वाटू दे.' लक्षात घ्या, 'तू बोलायला लाग' असं म्हणायचं नाही इथे. ती मागणी झाली, ती आपण दिवसभर करतोच. मग तिसरं कुणीतरी, ना जवळचं ना लांबचं, वॉचमन, रिक्षावाला, बाकावरची ती दुसरी आई. तिलाही तेच. आणि उठा, भाजी टाका.

'मी सुखी असो, मी निरामय असो' म्हणताना फार खोटं वाटतं हो.

मग म्हणू नका! मला ते नाटकातल्या संवादासारखं वाटायचं. आपण घरात कुणाला 'तू सुखी अस' म्हणतो का? आपण म्हणतो, 'दमलीस ना गं, बस जरा.' 'चहा घे आधी.' 'होईल गं, बघू.' 'लई झालं आज.' माझं वाक्य आहे 'दमलीस गं बाई, टेक जरा.' माझी मावशी असंच म्हणायची, लालबागच्या खोलीत, आणि मोरीपाशी पाट सरकवून द्यायची. ते वाक्य म्हटलं की मला पाट सरकवल्याचा आवाज येतो, आणि खांदे आपोआप खाली येतात. तुमचं वाक्य तुम्ही शोधा, मालवणीत असू दे, अहिराणीत असू दे, शिवी असली तरी मायेची असेल तर चालते.

मी करायला बसले आणि रडूच कोसळलं. काही चुकतंय का?

नाही. खूप दिवस बंद असलेल्या खोलीची खिडकी उघडली की आधी धूळच उडते ना, तसं आहे. इतकी वर्षं कुणी आपल्याला 'तू कशी आहेस' विचारलेलं नसतं, सगळे 'तो कसा आहे' विचारतात, आणि अचानक आपणच आपल्याला विचारलं तर होणारच. रडून घ्या. फार वाढत चाललं, छाती भरून आली, जुनं काहीतरी भयंकर वर यायला लागलं, तर ध्यान थांबवा, डोळे उघडा, पायाखालची फरशी बघा, तोंडावर पाणी मारा. नेटानं पुढे ढकलायचं नाही, इथे काही परीक्षा नाहीये. आणि दर वेळी असंच होत असेल तर एकटीनं करू नका, समुपदेशकाला सोबत घ्या.

काहींना रडू येत नाही, काहीच येत नाही, एकदम दगड. ते पण ठीक आहे. मी पहिले दोनतीन महिने फक्त किराण्याची यादी केली मनात.

मेल्टडाउन चालू असताना हे कसं करणार?

मेल्टडाउन म्हणजे आवाज, गर्दी असं काही असह्य होऊन मूल पार कोसळतं ते. तेव्हा करायचंच नाही, त्या वेळी मूल सांभाळायचं. पण एक श्वास तेवढा मिळतो. मागच्या वर्षीची गोष्ट, संध्याकाळी सहाची वेळ, दादरचा पूल, आणि आमचा लेक आडवा. कुठला तरी भोंगा वाजला आणि त्याच्या कानात काहीतरी झालं असणार. चारी बाजूनं माणसं, फुलांच्या पाट्या, बॅगा, आणि त्यात एक काका म्हणाले, 'एक ठेवून द्या, गप बसेल.' आधीची मी असते तर एकतर काकांवर ओरडले असते नाहीतर लेकाला खसकन ओढलं असतं, दोन्ही केलेलं आहे मी पूर्वी. त्या दिवशी मी कठड्याला पाठ लावली, त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये खाली बसले, त्याच्या कानांवर हात धरले, एक श्वास लांब सोडला आणि मनात एवढंच आलं की याला त्रास होतोय, आणि मलाही होतोय. दोघांनाही. हे दुसरं वाक्य नवीन होतं.

तो काही लगेच शांत झाला नाही, वीस मिनिटं लागली, आणि घरी जाऊन मी नवऱ्यावर कारण नसताना खेकसले ते खेकसलेच. पण मी त्याला मारलं नाही आणि स्वतःला पण रात्रभर मारलं नाही. रात्री तो झोपल्यावर पाच मिनिटं बसले. खरा सराव तो रात्रीचा, कारण मेल्टडाउन वीस मिनिटांत संपतो पण त्याची टेप आपण तीन दिवस वाजवतो.

माझा हात उठला त्याच्यावर. आता करुणा वगैरे बोलायची लायकी आहे का माझी?

हे कुणीच सगळ्यांसमोर विचारत नाही, रविवारी सगळे गेल्यावर चपला घालता घालता विचारतात. म्हणून इथे लिहितेय. स्वतःवर करुणा म्हणजे 'जाऊ दे, चालतं' असं नाही. मारणं चालत नाही, आणि जो बोलून सांगू शकत नाही त्याला तर नाहीच नाही. पण 'मी राक्षसीण आहे' असं म्हणून दोन दिवस कोसळलेली आई तिसऱ्या दिवशी जास्त चिडते, हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. त्यापेक्षा म्हणा, 'माझ्याकडून चुकलं, त्याला लागलं, आणि मी त्या वेळी संपलेली होते.' मग त्याच्याजवळ जा, त्याला कळेल तशी माफी मागा. आणि मग विचार करा की संपलेली का होते. झोप किती झाली होती? दुपारपासून पोटात काय होतं? मदतीला कुणी होतं का? परत परत होत असेल तर मात्र हे ध्यानानं मिटणारं नाही, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, लवकर बोला.

याने मुलामध्ये सुधारणा होईल का?

ध्यानाने डिले जात नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर उठून या. थेरपी आपल्या जागी, औषधं असतील तर आपल्या जागी. ध्यान तुमच्यासाठी आहे. घरातलं वातावरण थोडं निवळलं तर मुलाला बरं वाटतं हे खरं, पण त्याच्या माइलस्टोनसाठी, म्हणजे बसणं-बोलणं अशा वाढीच्या टप्प्यांसाठी म्हणून बसलात तर दोन आठवड्यांत परत मोजदाद सुरू होईल, की अजून 'आई' का म्हणत नाही.

काही पुरावा आहे का, की नुसतं मनाचं समाधान?

मनाचं समाधान 'नुसतं' कधीपासून झालं बाबा! पण आहे. अमेरिकेत २०१४ साली एक मोठा अभ्यास छापून आला, ऑटिझम आणि इतर अपंगत्व असलेल्या मुलांच्या २४३ आया त्यात होत्या. सुरुवातीलाच त्यांच्यातल्या ८५ टक्के जणींचा ताण खूप वरचा होता आणि ४८ टक्के जणींना डिप्रेशन होतं. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, गटात. एका गटाला सजगतेचं ध्यान (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे नुसतं लक्ष देणं), दुसऱ्याला अपराधीपणा, काळजी असल्या भावना हाताळून चांगल्याकडे बघायला शिकवणारा कार्यक्रम. दोन्ही गटांत फरक पडला, ध्यानाच्या गटात चिंता, डिप्रेशन आणि झोप यात जास्त. आणि मला आवडलेली गोष्ट अशी की शिकवणाऱ्या बायका कुणी मोठ्या तज्ज्ञ नव्हत्या, अशाच मुलांच्या आया होत्या, ट्रेनिंग दिलेल्या. हे सजगतेचं होतं, निव्वळ करुणेचं नाही, हे पण सांगायला हवं.

करुणेच्या जवळचं म्हणजे नेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक मुलांच्या ५१ पालकांवर केलेलं काम, २०१५ चं. त्यात दिसलं की जे पालक स्वतःशी मायेनं वागतात त्यांचं बरं चाललेलं असतं, मुलाची लक्षणं किती तीव्र आहेत ते धरूनही. अर्थात ५१ म्हणजे लहान संख्या आहे, आणि माया होती म्हणून बरं चाललं की बरं चाललं म्हणून माया जमली, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. मी एवढंच घेते की वेडेपणा नाहीये हा.

सासूबाईंसाठी पण करुणा आणायची का? ('गरोदरपणात काय खाल्लंस' वाल्या.)

सक्ती नाही. जुन्या पद्धतीत क्रम असा आहे की आधी स्वतः, मग आवडतं माणूस, मग तटस्थ, मग नावडतं, मग सगळे. पण नावडत्यात एकदम सासूबाईंवर उडी मारू नका, पहिल्याच दिवशी जिममध्ये जाऊन सगळ्यात मोठं वजन उचलतो का आपण? पुलावरच्या त्या काकांपासून सुरुवात करा, जे परत कधी भेटणार नाहीत. मला सासूबाईंपर्यंत पोचायला दोन वर्षं लागली, आणि पोचले ते पण ध्यानात नाही, एकदा दुपारी त्या लेकाच्या पायांना तेल लावत होत्या आणि पुटपुटत होत्या, 'माझंच काहीतरी पाप असेल.' तेव्हा कळलं की त्यांना पण उत्तर हवंय आणि माझ्यावर ढकलणं त्यांना सोपं जातंय. टोमणे थांबले नाहीत. मी उलट बोलणं पण थांबवलेलं नाही, करुणा म्हणजे तोंड शिवणं नव्हे.

बाबा लोक हे करतात का?

आमच्या ग्रुपमध्ये दोनच येतात, त्यातला एक माझा नवरा, तो पण आधी फक्त चहा आणायला यायचा. 'भावना-बिवना मला जमत नाही' म्हणणारा माणूस. आता तो ऑफिसातून आला की खाली पार्किंगमध्ये बाईकवर तसाच बसतो, हेल्मेट मांडीवर, दोन मिनिटं, आणि मग वर येतो. काय म्हणतोस मनात असं विचारलं तर सांगत नाही. मी पण विचारणं सोडलंय.

आज्यांना तर शिकवावंच लागत नाही. जपमाळ असतेच, शेवटचे अकरा मणी स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणि नातवासाठी ओढा म्हटलं की झालं. आणि घरी मुलाला बघायला येणाऱ्या मावशी, शाळेत मुलाच्या सोबत बसणाऱ्या शॅडो टीचर, त्यांना विसरू नका, त्या पण दमतात आणि त्यांना तर 'दमलीस का' विचारायला कुणीच नसतं.

हे बौद्ध आहे ना? आमच्यात चालेल का?

चालेल. वर म्हटलं तसं योगसूत्रात पण आहे, आणि आमच्या ग्रुपमधली एक ख्रिश्चन ताई वसईहून येते, ती प्रभूचं नाव घेऊन करते, एक जण नास्तिक आहे तो कुणाचंच नाव घेत नाही. मायेला जातीचा दाखला लागत नाही. अपंगत्वाचा लागतो, तो वेगळा, आणि त्याच्या रांगेत उभं राहून पण हे ध्यान छान होतं!

मग सरळ विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स करू का?

करू शकत असाल तर करा, तिथे दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकवतात. इगतपुरीला केंद्र आहे, फी नसते, दान तुमच्या मर्जीवर. पण दहा दिवस मोबाईल बंद, घराशी संपर्क नाही, आणि लेकाला कोण बघणार हा प्रश्न सुटलेला हवा. मन आधीच खूप ढासळलेलं असेल, औषधं चालू असतील, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि फॉर्ममध्ये खरं लिहा. नुसतं बघून यायचं असेल तर गोराईचा विपश्यना पॅगोडा आहे, २००९ मध्ये खुला झाला, आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं बसतील एवढा घुमट. बोरिवलीकडून बोटीने खाडी ओलांडून जाता येतं. लेकाला बोट भयंकर आवडली, पॅगोडाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

ॲप वापरू का? हेडफोन लावून?

लावा, पण एक कान मोकळा ठेवा. आमची मुलं शांत झाली की जास्त घाबरायचं असतं.

'माझ्यानंतर याचं काय?' हा विचार आला की सगळं ध्यान जातं.

जाणारच. हा प्रश्न आमच्या हॉलमध्ये दर रविवारी एका खुर्चीवर बसलेला असतो. याला कुठलंही वाक्य म्हणून घालवता येत नाही, आणि घालवायचा प्रयत्न करू नये असं माझं मत आहे.

मी दोन गोष्टी करते. पहिली कागदाची. कारण या भीतीतला काही भाग खरंच कागदांनी कमी होतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय योजना घेतली, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यासाठी एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे तो. मूल अठराचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती सोय आहे, तर त्याची माहिती आत्ताच एका फाईलमध्ये लावून ठेवलीय. ध्यान करून सुटणारा प्रश्न आणि झेरॉक्स काढून सुटणारा प्रश्न वेगळे ओळखायला शिकले, त्यालाच मला पाच वर्षं लागली.

दुसरी, जो भाग उरतो त्यासाठी ती उपेक्षा. उपेक्षा म्हणजे समतोल, तराजू मध्ये धरणं. माझं त्याच्यावर जीवापाड प्रेम आहे आणि तरी त्याचं सगळं आयुष्य माझ्या हातात नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच श्वासात धरायची. श्वास घेताना पहिलं, सोडताना दुसरं. 'तू माझा.' 'तुझं आयुष्य तुझं.' पहिल्यांदा हे दुसरं म्हणताना घसा आवळला होता माझा, वाटलं की मी त्याला सोडून देतेय. तसं नव्हतं ते. पण हे सगळ्यात शेवटी करा, आधी स्वतःवरची माया जरा मुरू दे, नाहीतर उपेक्षा कोरडी होते, नुसती 'नशीब' म्हणून हात झटकल्यासारखी.

कधी समजायचं की आता ध्यान पुरत नाहीये?

मूल झोपलं असताना पण झोप लागत नसेल, पंधरा दिवस कशातच रस नसेल, जेवण तुटलं असेल, सारखं रडू किंवा सारखा राग, तर डॉक्टर. 'आपण दोघं संपून गेलो तर बरं' असा विचार एकदा जरी आला तरी वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. असा विचार आमच्यातल्या अनेकांना येऊन गेलाय, त्यात तुम्ही वाईट आई ठरत नाही. आणि गोळी लागली तर घ्या, मी पण घेतली दीड वर्ष. ध्यान आणि गोळी यांचं काही भांडण नाही.

आणि हो, झोप आणि ध्यान यात निवडायचं असेल तर झोपा.

किती दिवसांत फरक दिसेल?

मला तीनचार महिन्यांनी दिसला, तो पण मला नाही, माझ्या मोठ्या मुलीला. ती म्हणाली, आई तू हल्ली दार हळू लावतेस.

रविवारी येताना मुलाला घेऊन येऊ का? तो एका जागी बसत नाही.

आणा ना, ठेवणार कुठे. इथे कुणाचंच बसत नाही. एक येतो तो हॉलच्या पंख्याचं बटण चालू-बंद करतो, पूर्ण वेळ, त्यामुळे आमचं ध्यान दर पंधरा सेकंदाला वारा, परत उकाडा, परत वारा असं चालतं. फक्त फुगे आणू नका, दोघांना फुटण्याची भीती आहे. चपला जिन्यात काढा, आणि डब्यात काही कुरकुरीत असेल तर सगळ्यांना पुरेल एवढं आणा.